कोरडे, पण जिवंत

ब्रिटनमध्ये घरी बीअर बनवण्यासाठी लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला आणि हा उद्योग तेथे अनेकांचा छंद बनला. यातील जाणकार एक पथ्य पाळतात. पुडीतले कोरडे यीस्ट ते माल्टच्या गोड काढ्यात थेट टाकत नाहीत. आधी सुमारे दहापट साध्या, कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवतात. थंड पाणी चालत नाही. असे का? उत्तर मिळायला तीनशे वर्षे लागली.

हॉलंडमधील डेल्फ्टच्या ल्युवेनहॉकने १६८० साली आपल्या सूक्ष्मदर्शकातून बीअरमधील यीस्टचे गोल कण पाहिले. ते धान्याच्या पिठातून आले असावेत, असे त्याला वाटले. पुढे १७०२ साली त्याने छताच्या पन्हळीतील वाळलेल्या गाळावर पाणी घातले, तेव्हा त्यातील रोटिफर हे सूक्ष्मजीव हालचाल करू लागले. म्हणजे कोड्याचे दोन्ही तुकडे त्याच्या हाती होते. पण यीस्ट सजीव आहे हेच ठाऊक नसल्याने ते जुळले नाहीत.

१८३७ साली कान्यार द ला तूर, श्वान आणि क्युट्झिंग यांनी स्वतंत्रपणे सांगितले, की यीस्ट सजीव आहे. लीबिग आणि व्होलर या नामवंत रसायनशास्त्रज्ञांनी १८३९ मध्ये त्याची चक्क टिंगल केली. १८५७ पासून पाश्चरने केलेल्या प्रयोगांनी मात्र हा विचार रुजवला.

ताज्या यीस्टमध्ये सुमारे ७० टक्के पाणी असते, त्यामुळे ते लवकर नासते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला पावासाठी शीतपेटीविना टिकणारे यीस्ट हवे होते. फ्लाइशमन कंपनीने ते वाळवून तयार केले. पण पाणी गेल्यावरही पेशी जगते कशी?

वाळलेल्या सजीवांची पेशीपटले ट्रेहॅलोज ही शर्करा सांभाळते, असे जॉन आणि लोइस क्रो या दांपत्याने व त्यांच्या सहकाऱ्याने १९८४ साली दाखवले. पाण्याच्या रेणूंची रिकामी जागा ही शर्करा घेते. तरीही कोरडे पटल थिजलेल्या तुपासारखे ताठ असते. कोमट पाण्यात ते पाणी शिरतानाच मऊ होते. थंड पाण्यात मात्र ते ताठ असतानाच भिजते, त्याला फटी पडतात आणि पेशीतील द्रव्ये बाहेर झिरपतात. गोड काढ्यात टाकले, तर काय आत घ्यायचे हे निवडण्याची ताकद पटलात अजून आलेली नसते.

हे वर्गात पाहता येईल. बेकरीचे कोरडे यीस्ट दोन बाटल्यांत एकेक चमचा घ्या. एकीत बर्फाचे, दुसरीत ३८ अंश सेल्सिअसचे पाणी सारखेच घाला. पंधरा मिनिटांनी दोन्ही बाटल्या कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून एकाच तापमानाला आणा, सारखी साखर घाला आणि तोंडावर फुगे बसवा. कोणता आधी फुगतो ते नोंदवा.

मग विद्यार्थ्यांना विचारा: पुडीत होते तेव्हा ते यीस्ट जिवंत होते की मेलेले? चटकन उत्तर देणाऱ्याला कारणही विचारावे.