विसाव्यातून वाढलेला वेग

चाळीस मीटर, सहा सेकंदांत. मग एक मिनिट विसावा आणि पुन्हा तेच, एकूण सहा वेळा. फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय पुरुष रेफरीची फिटनेस चाचणी इथून सुरू होते. पुढे 75 मीटर 15 सेकंदांत धावायचे, 25 मीटर 18 सेकंदांत चालायचे. असे चाळीस वेळा, म्हणजे ट्रॅकच्या दहा फेऱ्या.

या तुटक, म्हणजे इंटरव्हल धावण्याशी जर्मनीतल्या फ्रायबुर्गचे नाव जोडले गेले. तिथे प्रशिक्षक वोल्डेमार गेर्श्लर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल एकत्र आले. धावपटूची नाडी 180पर्यंत चढवायची, मग 120वर उतरू द्यायची. दीड मिनिटात उतरली नाही, तर ताण जास्त झाला. हृदयाची खरी कमाई या उतारात होते, असे त्यांचे मत होते. गेर्श्लरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग 1939मध्ये मिलानला 800 मीटर 1 मिनिट 46.6 सेकंदांत धावला. तो विक्रम 16 वर्षे टिकला. पुढे 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावपटू एमिल झाटोपेकने तीन सुवर्णपदके घेतली. त्याचाही भर 400 मीटरच्या वारंवार धावांवर होता.

रेफरीच्या वाट्याला मात्र ही विद्या फार उशिरा आली. वर्षानुवर्षे त्याला सलग 12 मिनिटांत 2700 मीटर धावायला लावत. सामन्यात असे सलग कोण धावते? प्रतिहल्ला झाला की रेफरीला एका पेनल्टी क्षेत्राजवळून दुसरे गाठावे लागते. पुढच्याच मिनिटाला तो चालत असतो. डेन्मार्कचे संशोधक क्रूस्ट्रुप आणि बांग्सबो यांनी 2001मध्ये हेच मोजून दाखवले. इंटरव्हल सरावानंतर रेफरींचे सामन्यातले वेगवान धावणे 1.7 किलोमीटरवरून 2 किलोमीटरच्या पुढे गेले, आणि सरासरी नाडी उलट कमी झाली. पुढच्या काही वर्षांत चाचणीही बदलली.

अशा सरावाला तयार पोरं आपल्याकडेही आहेत. जालन्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 3 आहे. मराठवाड्यातली भरतीची पोरं पहाटे 1600 मीटर, 100 मीटर आणि राखीव बलासाठी 5 किलोमीटरची तयारी करतात. दम आणि वेग दोन्ही त्यांच्याकडे आहेत. त्यांच्यातल्या कुणाला शिट्टी हाती घ्यायची असेल, तर मैदानावर 75 आणि 25 मीटरच्या चुन्याच्या रेघा मारून आजही सुरुवात करता येईल. घड्याळ मात्र विसाव्यातही चालू ठेवावे लागेल.