हाकेच्या अंतरावरचे कण

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या क्रिस पिस्टर यांना वाळूच्या कणाएवढा संगणक घडवायचा होता. १९९७ च्या सुमारास त्यांनी अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘दार्पा’ या संस्थेपुढे ‘स्मार्ट डस्ट’चा प्रस्ताव ठेवला. संवेदक, चिप, बॅटरी आणि निरोप धाडायची सोय हे सगळं एका घन मिलिमीटरात बसवायचं, असे कण रणभूमीवर विखरायचे आणि शत्रूची चाहूल घ्यायची. विखुरलेल्या संवेदकांवर दार्पाचं काम १९७० च्या दशकाअखेरीपासूनच चालू होतं, पण तेव्हाची उपकरणं वाहून न्यायला गाडी लागे.

घन मिलिमीटर लगेच साधला नाही. मग बाजारात मिळणारेच सुटे भाग जोडून बर्कलीत थोडे मोठे कण तयार झाले. मार्च २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्वेंटीनाइन पाम्स इथे एका छोट्या वैमानिकरहित विमानातून ते रस्त्याकडेला टाकण्यात आले. जाणाऱ्या गाड्यांमुळे चुंबकीय क्षेत्रात होणारे फेरबदल त्यांनी टिपले आणि विमान पुन्हा वरून गेलं तेव्हा त्याला कळवले.

या कणांचा आवाज, म्हणजे रेडिओचा पल्ला, लहान ठेवला होता तो जाणूनबुजून. खरी उधळपट्टी रेडिओची असते: एक बिट पाठवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात चिप शेकडो आज्ञा पार पाडते. अंतर दुप्पट केलं की मोकळ्या हवेत चौपट शक्ती लागते, जमिनीलगत तर त्याहूनही बरीच जास्त. म्हणून एकाने ओरडून सांगण्यापेक्षा दहा जणांनी कानोकानी निरोप पोचवावा, असा हिशेब झाला. डेव्हिड कलर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेली ‘टायनीओएस’ ही प्रणाली अवघ्या काही किलोबाइट स्मृतीत चाले आणि काम नसेल तेव्हा कणाला झोपवून ठेवी. या काटकसरीवरच दोन पेन्सिल सेल महिनोन् महिने पुरवता येतात. माझ्या मते या तंत्राचा सगळ्यात मोठा शोध हाच आहे.

युद्धासाठी जन्मलेल्या या तंत्राचं नाव झालं ते मात्र पक्ष्यांमुळे. मेन राज्याच्या किनाऱ्याजवळच्या ग्रेट डक बेटावर लीचेस स्टॉर्म पेट्रेल जमिनीतल्या बिळांत घरटी करतात. माणसाच्या वावराने ते बिचकतात, प्रसंगी घरटं सोडूनही जातात. २००२ च्या उन्हाळ्यात बर्कलीच्या संशोधकांनी तिथे ३२ कण बसवले, त्यातले काही थेट बिळांत. पक्ष्याला हातही न लावता बिळातलं तापमान आणि दमटपणा कळू लागला. माणसाने जिथे जाऊच नये तिथली बातमी आणणं, हे कणांच्या या जाळ्याचं खरं बळ.

उणिवाही त्याच बेटावर उघड झाल्या. पाऊस आणि धुकं कणांत शिरलं. आर्द्रतेच्या संवेदकाने अशक्यप्राय आकडे द्यायला सुरुवात केली की तो कण लवकरच बंद पडणार, हे संशोधकांना अनुभवाने कळलं. पुढच्या वर्षी निरोप एकमेकांमार्फत पाठवायची व्यवस्था आली, तेव्हा शेजाऱ्यांचे निरोप ऐकण्यात आणि पुढे ढकलण्यातच सेल खर्ची पडू लागले. सगळे निरोप गोळा करणाऱ्या तळाजवळच्या कणांवर हा भार सर्वांत जास्त येतो आणि ते गेले की मागचे सगळे मुके होतात. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका उंच रेडवूड वृक्षावर दीड महिना कण लावले, तिथेही निम्म्याच्या आसपास नोंदी हाती लागल्याच नाहीत.

अशा काटकसरी रेडिओंसाठी २००३ मध्ये ‘आयईईई ८०२.१५.४’ हे मानक आलं आणि झिग्बी ही बिनतारी प्रणाली त्यावरच उभी राहिली. एका वेळी जास्तीत जास्त १२७ बाइट पाठवायचे, वेग सेकंदाला २५० किलोबिटपर्यंत. तापमानाच्या आकड्याला हे भरपूर, छायाचित्राला तुटपुंजं. शिवाय २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायफायची गर्दी, आणि ओली पानं याच लहरी शोषून घेतात.

आपल्याकडे आयआयटी मुंबईने ‘अ‍ॅग्रिसेन्स’ प्रकल्पात नाशिकच्या द्राक्षमळ्यात असं जाळं उभारलं होतं. मळ्याला त्याची गरज खरीच आहे. पान किती वेळ ओलं राहिलं यावर केवडा या रोगाचा अंदाज बांधता येतो आणि एकाच मळ्यात सखल भाग आणि उंचवटा यांची हवा वेगळी असते. पण ज्या ओलाव्याची बातमी हवी, तोच ओलावा निरोप अडवतो. तेव्हा शेतात असं जाळं बसवणार असाल, तर कणांमधलं अंतर छाटणी झालेल्या सुक्या बागेत ठरवू नका. ऐन पावसात, वेल पानांनी भरलेले असताना मोजून घ्या, आणि तळाजवळच्या कणांचे सेल सर्वांत आधी बदला.