उपनगराचा संसार : पार्ल्याच्या इतिहासावरून काही विचार

मुंबईत नोकरी आणि उपनगरात बिऱ्हाड, ही राहणी आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांच्या आता अंगवळणी पडली आहे. मोकळी हवा, चांगली शाळा, ओळखीचा शेजार आणि पायी गाठता येईल असे स्टेशन, एवढ्या गोष्टी लाभल्या म्हणजे संसारी माणूस समाधान पावतो. परंतु या गोष्टी आपोआप उत्पन्न झालेल्या नाहीत. त्या कोणी व कशा निर्माण केल्या, हे पाहण्यास विलेपार्ले हे उपनगर उत्तम उदाहरण होय.

पार्ले ज्या साष्टी बेटावर वसले आहे, ते मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगीजांकडून घेतले व १७७४ च्या अखेरीस ते इंग्रजांच्या हाती गेले. त्यानंतरही दीर्घकाळ येथे गावठाणे, भातखाचरे आणि वाड्या एवढीच वस्ती होती. १८४५ साली लेडी जमशेटजी जिजीभाई यांच्या दातृत्वाने माहीम व वांद्रे यांना जोडणारा रस्ता खाडीवरून झाला. १८६४ साली बी. बी. अँड सी. आय. रेल्वे मुंबईस पोहोचली आणि १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. तथापि केवळ गाडी आली म्हणून माणसे घर सोडीत नसतात. त्यासाठी शहरातील जिणे असह्य व्हावे लागते. १८९६ च्या प्लेगने ते घडविले. दाट चाळींतून रोग पसरला, असंख्य कुटुंबांनी शहर सोडले, आणि सरकारला १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापावा लागला. मुलाबाळांस हवा व उजेड मिळावा ही ओढ मध्यमवर्गास लागली ती तेव्हापासून. पुढे ५ जानेवारी १९२८ रोजी बोरिवलीपर्यंत विजेची गाडी सुरू झाल्यावर सुमारे वीस किलोमीटरवरील पार्ले कचेरीच्या टप्प्यात आले.

याच काळात घरबांधणीचा एक नवा मार्ग सापडला. श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत सहकारी गृहसंस्था स्थापन झाली. बेताच्या मिळकतीच्या माणसांनी एकत्र येऊन, हप्त्याहप्त्याने, आपली घरे आपणच उभारावीत हा त्यामागील विचार होता. एका ज्ञातिसमाजाने घालून दिलेला हा धडा पुढे सर्वांनीच गिरविला, ही गोष्ट आपणासारख्या ज्ञातिसंस्थांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पार्लेकरांनी मात्र घरावर समाधान मानले नाही. १९२० च्या ऑगस्टमध्ये लोकमान्य टिळकांचे निधन झाले. दुसऱ्याच वर्षी, १९२१ साली, पार्ले टिळक विद्यालय निघाले व १९२३ साली लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. थोर पुरुषाचे स्मारक म्हणून शाळा, ग्रंथालय व सभागृह उभे राहिले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्याची छावणी मुंबई प्रांतातील प्रमुख केंद्रांपैकी एक होती. याच शाळेच्या बाकावर बसलेले पु. ल. देशपांडे पुढे अवघ्या महाराष्ट्राचे झाले. १९५० साली पार्ले बृहन्मुंबईत समाविष्ट झाले आणि १९५९ साली तेथे महाविद्यालयही निघाले. हे सर्व उभारण्यात कारकून, शिक्षक, वकील व डॉक्टर अशा माणसांचे हात होते. दिवसाची चाकरी संपल्यावर उरलेली संध्याकाळ त्यांनी गावास दिली.

या राहणीचे मोलही सांगितले पाहिजे. घरापासून कचेरीपर्यंत एका खेपेस सव्वा तास धरला, वर्षाचे कामाचे दिवस दोनशे ऐंशी धरले व नोकरी तीस वर्षांची धरली, तर एकवीस हजार तास होतात. म्हणजे आयुष्यातील दोन वर्षे आणि जवळजवळ पाच महिने रात्रंदिवस प्रवासात जातात. प्रस्तुत लेखकाने उपनगरातील शाळेत अध्यापन केले. प्रगतिपुस्तकावर सही बहुधा आईची असे, कारण वडील मूल उठण्यापूर्वी निघत व ते निजल्यावर परतत. उपनगराचा दिवस स्त्रियांनी व वडीलधाऱ्यांनी सांभाळला. पुढे स्त्रियाही नोकरीस निघाल्या. १९९२ साली पश्चिम रेल्वेने खास महिलांसाठी गाडी सोडली, तेव्हा चर्चगेटहून निघालेल्या त्या गाडीत कित्येक माउल्या रात्रीची भाजी निवडीत घरी येऊ लागल्या. ११ जुलै २००६ च्या सायंकाळी याच मार्गावरील गाड्यांत स्फोट झाले व दीडशेहून अधिक माणसे घरी परतलीच नाहीत. उशीर झालेल्या गाडीची वाट पाहणे म्हणजे काय, हे त्या रात्री प्रत्येक घराला कळले.

आज पार्ले सधन आहे. बंगल्यांच्या जागी उंच इमारती आल्या. गावाचे नाव बिस्किटाच्या पुड्यावरून देशभर नेणारा जुना कारखानाही २०१६ साली बंद झाला. जागेचे भाव असे चढले आहेत की ज्या प्रकारच्या शिक्षकाने व कारकुनाने येथील शाळा उभारल्या, त्या प्रकारच्या माणसास आज येथे दोन खोल्याही घेता येणार नाहीत. त्याची मुले बदलापूर, वसई, विरार गाठतात. तेथेही इमारती झपाट्याने उठत आहेत. परंतु मुलांना पुस्तक देणारी खोली, म्हाताऱ्यांना बसण्याची जागा आणि आजाऱ्याच्या दारी धावणारा शेजार यांचा समावेश सदनिकेच्या किमतीत नसतो. तो पार्ल्यातही नव्हता.

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींस एवढीच विनंती आहे. आपली जी तरुण कुटुंबे दूरच्या उपनगरांत राहावयास गेली आहेत, त्यांना शुभेच्छांबरोबर हातही द्यावा. शिष्यवृत्त्या व वधूवर-मेळावे यांप्रमाणे आपल्या संस्थेने त्या ठिकाणी निदान एक वाचनालय सुरू करावे, व त्याचे दार आपल्या ज्ञातीपुरते न ठेवता साऱ्या वस्तीस उघडे ठेवावे. आठवड्यातील एक संध्याकाळ प्रत्येकाने दिली तरी ते चालेल. पार्ल्याच्या पूर्वजांपाशी याहून अधिक फुरसत नव्हती. त्यांनाही सकाळची गाडी गाठावयाची होतीच.