बेळगावचा उन्हाळा : ३८ अंश म्हणजे जास्त की नेहमीचंच?

बेळगाव : एप्रिल लागला की मोबाइलवर तापमानाचे आकडे फिरू लागतात. कुठे ४२, कुठे ४४. पण बेळगावचं ३८ आणि ग्वाल्हेरचं ३८ हे एकच नव्हे. ग्वाल्हेरकरांना मे महिन्यात ३८ म्हणजे दिलासाच; बेळगावात मात्र तेवढ्यावर दुपारची वर्दळ ओसरते. हा फरक सरासरीचा आहे.

हवामान खातं जी ‘सरासरी’ सांगतं, ती सलग ३० वर्षांच्या नोंदींवरून काढलेली असते. सध्या त्यासाठी १९९१ ते २०२० हा काळ धरतात. रोजचा आकडा या सरासरीच्या किती वर किंवा खाली, हे पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या कडेला आहे. इथला सर्वांत तापलेला महिना एप्रिल. दुपारचं सरासरी कमाल तापमान ३५ ते ३६ अंश. मे महिन्यात पश्चिमेचा वारा आणि वळीव यांमुळे ते थोडं उतरतं. संध्याकाळी खानापूरच्या बाजूने गार वारा सुटतो, रात्र सुसह्य होते. पूर्वेला गोकाक, रायबाग, अथणीकडे गेलं की हे सुख संपतं. एकाच जिल्ह्यात दोन उन्हाळे आहेत, आणि ‘बेळगावचं तापमान’ म्हणून दाखवला जाणारा आकडा अथणीच्या माणसाच्या काही कामाचा नाही.

इतर ठिकाणच्या मराठी मंडळींची गोष्ट वेगळी. इंदूर, वडोदरा, हैदराबाद इथे मे महिन्यात चाळिशीच्या आसपास असणं हे नेहमीचंच. इंदूरला निदान माळव्याची रात्र आहे. ‘शब-ए-मालवा’ची कीर्ती उगाच नाही. पणजीत पारा ३३ च्या आसपासच असतो, पण दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंगाला ते जास्त जाणवतं.

आता उष्णतेची लाट. खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान आधी ४० ला पोचलं पाहिजे, आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त हवं. किनाऱ्यावर हीच अट ३७ अंशांची. पारा ४५ वर गेला तर सरासरी पाहत नाहीत, लाटच. बेळगाव शहरात चाळिशी गाठणं अपवादाचं. म्हणजे मे अखेरीस सरासरी ३३-३४ असताना पारा ३८.५ वर गेला तरी कागदावर लाट नाही. उसात भांगलण करणाऱ्या बाईला मात्र कागद माहीत नसतो. ‘लाट नाही’ म्हणजे ‘धोका नाही’ असं वाचणं चूक. गोव्यासह कोकण किनाऱ्यासाठी तर २०२५ मध्ये फेब्रुवारीतच लाटेचा इशारा निघाला होता. त्याआधी मार्च २०२२ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला होता.

सीमाभागात आणखी एक घोळ असतो. निपाणी हवामान खात्याच्या ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’ विभागात, तर शेजारचं कागल ‘मध्य महाराष्ट्र’ विभागात. ऊन तेच, पण इशारे दोन केंद्रांतून येतात. त्यामुळे निपाणीकरांनी कोल्हापूरचा अंदाजही बघितलेला बरा.

फिरणाऱ्या प्रत्येक आकड्यावर विश्वासही ठेवू नये. अधिकृत तापमान सावलीत, हवेशीर पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर मोजतात. गाडीतला आकडा तापलेल्या डांबरावरचा असतो. मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले होते. संवेदकातला दोष निघाला. भारतातला आजवरचा मान्य विक्रम ५१ अंशांचा, राजस्थानात फलोदीला, १९ मे २०१६ चा.

या भागात खरा जीव घेतो तो वळीव. दुपारी जमीन तापते, अरबी समुद्राकडून आलेला ओलावा वर चढतो, आणि तीन-चारच्या पुढे ढग उभे राहतात. मग वारा, गारा, विजा. आंबा झडतो, काजूचा उरलासुरला बहर जातो. वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज जवळ आहे. मग काम तिथेच टाकून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावं. झाडाखाली, पत्र्याच्या उघड्या शेडखाली नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

तरीही शेतकरी वळवाची वाट बघतो, कारण धूळवाफ पेरणी. वळवाच्या एक-दोन सरींवर नांगरट, कुळवणी उरकायची आणि रोहिणीच्या सुमारास, म्हणजे २५ मेच्या मागेपुढे, कोरड्या मातीत भात टाकायचं. मृगाचा पाऊस आला की उगवण. सगळं गणित मान्सून जूनच्या पहिल्या आठवड्यात येण्यावर बसलेलं आहे. केरळात त्याची नेहमीची तारीख १ जून. २०२५ मध्ये तो २४ मे रोजीच केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. असा पाऊस लागून राहिला की वाफसाच मिळत नाही, आणि पेरणी चुकलेल्यांना रोप टाकून लावण करण्याशिवाय गत्यंतर उरत नाही. त्यात मजुरी वाढते. म्हणून मे लागताच बियाणं घरात आणि कुळव तयार ठेवण्याची इथली जुनी पद्धत आहे.