एक टेलिफोन, दोन मद्यपी : अक्रन, मे १९३५

१/ दिनांक ११ मे १९३५, शनिवार. ओहायो राज्यातील अक्रन हे टायरनिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेले शहर. तेथील मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत न्यूयॉर्कहून आलेला एक माणूस अस्वस्थपणे येरझारा घालीत होता. एका बाजूला बार होता, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने टेलिफोन निवडला. त्या निवडीतून काय घडले, ते या थ्रेडमध्ये पाहू.

२/ हा माणूस म्हणजे बिल विल्सन, वय ३९. शेअर बाजारातील त्याची कारकीर्द दारूने धुळीला मिळवली होती. डिसेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन्स रुग्णालयात उपचार घेतल्यापासून तो कोरडा होता. एका कंपनीच्या ताब्यासाठी चाललेल्या भागधारकांच्या लढतीसाठी तो अक्रनला आला आणि हरला. परक्या गावात, पराभूत मनःस्थितीत, बारमधील हास्यविनोद त्याला ऐकू येत होता.

३/ काळाची पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी. १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे अमेरिकेत दारूबंदी होती. कायद्याने व्यसन सुटले नाही. मद्यपी माणूस समाजाच्या लेखी दुर्बल चारित्र्याचा होता आणि बहुतेक वैद्यांच्या लेखी असाध्य. अशा माणसाने जावे तरी कोठे?

४/ विल्सनने आधीचे पाच महिने अनेक मद्यप्यांना उपदेश केला होता. त्यांपैकी एकही सुधारला नाही; परंतु या खटाटोपात तो स्वतः मात्र कोरडा राहिला. लॉबीत त्याला याचा अर्थ उमगला. त्याला त्या क्षणी दुसऱ्या एखाद्या मद्यप्याची गरज होती, आणि ती दुसऱ्याला तारण्यासाठी नव्हे, स्वतः तरण्यासाठी होती.

५/ लॉबीत चर्चची यादी लावलेली होती. त्याने वॉल्टर टंक्स या धर्मोपदेशकाला फोन केला. त्यांनी काही नावे दिली. एकामागून एक फोन करीत तो हेन्रिएटा सायबरलिंग यांच्यापर्यंत पोहोचला. टायर उद्योगातील प्रसिद्ध घराण्याच्या या सूनबाई ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या धार्मिक चळवळीत होत्या. आपल्या ओळखीच्या एका शल्यविशारदाचे व्यसन सुटावे म्हणून त्या मंडळींची प्रार्थना चालूच होती.

६/ ते शल्यविशारद म्हणजे डॉ. बॉब स्मिथ, वय ५५. त्या दिवशी ते भेटण्याच्या अवस्थेत नव्हते. दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाचला ते सायबरलिंग यांच्या घरी आले ते ‘पंधरा मिनिटेच बसेन’ या अटीवर. निघाले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. विल्सनने उपदेश केला नाही. आपली कहाणी सांगितली. स्वतः भोगलेले बोलणारा माणूस डॉक्टरांना प्रथमच भेटला होता.

७/ मात्र गोष्ट येथे सुफळ संपूर्ण होत नाही. जूनमध्ये वैद्यकीय अधिवेशनासाठी डॉक्टर अटलांटिक सिटीला गेले आणि पुन्हा प्यायले. परतल्यावर त्यांनी घेतलेला शेवटचा घोट १० जून १९३५ चा मानला जातो. तोच ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा (एए) स्थापनादिन. अधिवेशनाच्या तारखा पाहता काही अभ्यासक तो दिवस आठवडाभर पुढे नेतात. त्यानंतर १९५० मध्ये मृत्यू येईपर्यंत डॉक्टरांनी दारूला स्पर्श केला नाही.

८/ लवकरच दोघे मिळून अक्रनच्या रुग्णालयातील एका वकिलाला भेटले. तो तिसरा सदस्य. १९३९ मध्ये संस्थेच्याच नावाचा ग्रंथ निघाला. त्यात प्रसिद्ध ‘बारा पायऱ्या’ आहेत.

९/ ही कल्पना अगदी नवी होती काय? नाही. १८४० मध्ये बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात सहा मद्यप्यांनी ‘वॉशिंग्टोनियन’ चळवळ सुरू केली होती. तेथेही सदस्य आपापली कहाणी सांगत. ती झपाट्याने पसरली, पण मद्यनिषेधाच्या राजकारणात आणि अंतर्गत कलहात अडकून काही वर्षांतच विरली. एए-ने १९५० मध्ये स्वीकारलेल्या ‘बारा परंपरा’ जणू त्या अपयशाचे उत्तर आहेत : बाहेरच्या वादांत मत देऊ नये, बाहेरून देणग्या घेऊ नयेत, नाव गुप्त ठेवावे. सदस्यत्वाची अट एकच, पिणे थांबवण्याची इच्छा.

१०/ या इतिहासात घरच्या माणसांनाही स्थान आहे. मद्यप्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ १९५१ मध्ये उभी राहिली. तिच्या संस्थापकांत बिलची पत्नी लोइस होती.

११/ आपल्याकडे १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यास आर्थिक बळ दिले. तेथेही व्यसनमुक्त झालेला माणूस नव्याने आलेल्याचा हात धरतो. आज महाराष्ट्रात एए-च्या मराठीतून सभा भरतात. तेथे जाणाऱ्याला शुल्क नाही, आडनाव विचारले जात नाही, बोलण्याची सक्तीही नाही.

१२/ इतिहासात आपण लढाया आणि तह शिकतो. अक्रनची घटना त्या मानाने क्षुल्लक वाटते : एका हरलेल्या माणसाने अनोळखी लोकांना फोन केले. पण त्याची पहिली काही उत्तरे नकाराची होती, आणि तरीही त्याने पुढचा क्रमांक फिरवला. पहिल्या सभेच्या दाराशी घुटमळणारे कोणी तुमच्या परिचयाचे असेल, तर ही हकीकत त्याला अवश्य सांगा.