पिकअप वाहनाची भारमर्यादा व टायरमधील दाब

पिकअप वाहनाची भारमर्यादा म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रातील एकूण भारित वजनातून रिकाम्या वाहनाचे वजन वजा करून येणारे वजन होय. चालक व प्रवाशांचे वजनही त्यातच मोजले जाते. टायरच्या बाजूवर भारनिर्देशांक कोरलेला असतो. १०० हा निर्देशांक ८०० किलोग्रॅम भार दर्शवतो.

काटोल, नरखेड भागातील संत्री नागपूरच्या कळमना बाजारात येतात. शेतातील मऊ मातीत हवा कमी केल्यास टायरची पकड वाढते. मात्र डांबरी रस्त्यावर ती पुन्हा न भरल्यास टायरच्या बाजू वारंवार वाकून तापतात. नागपूरच्या ४५ अंश सेल्सिअस उन्हात टायर फुटण्याचा धोका त्यामुळे वाढतो. दाब टायर थंड असताना मोजतात; तापलेल्या टायरमधील हवा काढत नाहीत.

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १९४नुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे.