कान महोत्सव २०२४ : मुंबईच्या नर्स, रत्नागिरीचा किनारा

फ्रान्समधल्या कान शहरातला चित्रपट महोत्सव म्हटलं, की आपल्याकडच्या बातम्यांत लाल गालिचा आणि नट्यांचे कपडेच जास्त दिसतात. पण २०२४ चा, म्हणजे ७७ वा महोत्सव वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवावा, असं आम्हाला वाटतं. त्या वर्षी नर्स, स्वयंपाकीण, खेड्यातला मास्तर अशी साधी माणसं तिथल्या पडद्यावर होती.

मुख्य पुरस्कार

महोत्सव १४ ते २५ मे २०२४ या काळात झाला. परीक्षक मंडळाच्या अध्यक्ष होत्या अमेरिकी दिग्दर्शिका ग्रेटा गर्विग. सर्वोच्च ‘पाम दोर’ शॉन बेकर यांच्या ‘अनोरा’ला मिळाला. दुसऱ्या क्रमांकाचा ‘ग्रां प्री’ पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ला. पायल पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थिनी. याच संस्थेतल्या चिदानंद नाईक यांच्या कन्नड लघुपटाला विद्यार्थी विभागात पहिला पुरस्कार मिळाला.

मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट ३० वर्षांनी आला होता. आधीचा शाजी करुण यांचा ‘स्वाहम’, १९९४ चा. त्याच्याही खूप आधी, १९४६ मध्ये, चेतन आनंद यांच्या ‘नीचा नगर’ला तिथला सर्वोच्च मान इतर दहा चित्रपटांसोबत मिळाला होता. त्याची कथा उर्दू लेखक हयातुल्लाह अन्सारी यांची, हे आपल्या मुलांना सांगायला हवं.

चित्रपटात काय आहे?

प्रभा आणि अनु या मुंबईतल्या मल्याळी नर्स. त्यांच्याच रुग्णालयात स्वयंपाक करणारी पार्वती, म्हणजे आपल्या मराठी अभिनेत्री छाया कदम. पार्वतीचा नवरा वारलाय. बिल्डरला तिची खोली हवी आहे आणि ती तिथेच राहते हे दाखवायला तिच्याकडे एकही कागद नाही. शेवटी ती रत्नागिरीकडे, गावी परतते.

अनुचा मित्र शियाझ मुसलमान आहे. तो गुंड नाही, दहशतवादी नाही, कुणाच्या दयेचा विषयही नाही. मुंबईत दोन घडी निवांत बसायला जागा शोधणारा एक तरुण, बस्स. त्याला भेटायला जाण्यासाठी अनु बुरखा विकत घेते. हे प्रेमप्रकरण सगळ्यांना पटेल असं नाही, आणि काही दृश्यांमुळे हा चित्रपट मुलांसोबत बघण्यासारखाही नाही. पण आपला मुलगा पडद्यावर साधा माणूस म्हणून दिसणं किती दुर्मीळ झालंय!

इराण आणि सौदी

इराणचे मोहम्मद रसूलोफ यांना मायदेशात आठ वर्षांची कैद आणि फटक्यांची शिक्षा झाली होती. ते लपतछपत देशाबाहेर पडले आणि कानला पोहोचले. त्यांच्या ‘द सीड ऑफ द सेक्रेड फिग’ला विशेष पुरस्कार मिळाला. तौफीक अल-झैदी यांचा ‘नोरा’ हा महोत्सवाच्या अधिकृत निवडीतला पहिला सौदी चित्रपट ठरला. १९९० च्या दशकात खेड्यात आलेला एक शिक्षक आणि बाहेरच्या जगाची ओढ असलेली मुलगी, अशी त्याची गोष्ट. ‘अँ सर्तें रगार’ विभागात त्याचा विशेष उल्लेख झाला.

जाता जाता

शाळेत प्रवेशाच्या वेळी कागद मागणारे आम्हीच असतो. घर कुणाच्या नावावर, करार कुठे ठेवलाय, हे कित्येक आयांना सांगता येत नाही. सगळं अब्बांच्या कपाटात असतं. चित्रपट बघा किंवा नका बघू, पण आज ते कपाट उघडून अम्मीला सगळे कागद दाखवा. तिचं नाव त्यावर नसेल, तर ते घालून घ्या. पार्वतीवर आलेली वेळ आपल्या घरी यायला नको.